आधी पोचलेली गाडी

"गाडी पाठव," फोनवरचा आवाज म्हणाला. ओथा प्रिंगलने आवाज ओळखला आणि उभ्या आयुष्यात कमावलेल्या मऊ, खालच्या स्वरात विचारलं, "कोण गेलं, मिस रोझीना?" पलीकडे श्वास अडखळला. मग ती म्हणाली, "कोणी गेलं नाही. मलाच न्यायचंय. सकाळपासून छातीवर काहीतरी बसलंय, ऊठ म्हटलं तरी उठत नाही. तुझी गाडी पाठव." "मिस रोझीना, तुम्ही नऊ-एक-एक फिरवा, अँब्युलन्सवाले लगेच—" "क्रूची गाडी नको मला," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला. रिसीव्हर हातात तसाच राहिला. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं, की खुर्चीच्या पाठीवरच्या काळ्या कोटाची एक बाही आपण चढवलीसुद्धा आहे. मयताचा फोन आला की कोट चढवायचा, हाताला तेवढंच माहीत. माणूस जिवंत आहे, आणि स्वतःच फोन करून मयताची गाडी मागवतोय, हे हाताला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला हसू आलं. रिकाम्या दिवाणखान्यात, भिंतीला लावून ठेवलेल्या घडीच्या खुर्च्यांसमोर, ते हसू फार मोठं वाटलं. त्याने दुसरी बाही चढवली.

क्रू आता कुठे होते? गोऱ्यांची मयतं आणि आजारी नेणाऱ्या क्रूंनी धंदा विकून किती वर्षं झाली होती. अँब्युलन्स आता काउंटीची होती, पांढरी, नारिंगी पट्ट्याची, आणि तिच्यावर काळी पोरं होती, गोरी पोरं होती. त्यातल्या एकाचा बाप्तिस्मा ओथाच्याच चर्चमध्ये झाला होता. हे सगळं मिस रोझीनालाही माहीत होतं. पण माहीत असणं डोक्यात असतं आणि भीती असते कुठेतरी खाली, बेंबीपाशी, तिथे बातम्या उशिरा पोचतात. त्याच्या स्वतःच्या बेंबीपाशीसुद्धा, खरं विचाराल तर, सायरन वाजला की अजून क्रूचीच गाडी धावत असे.

त्याने नऊ-एक-एक फिरवला. पत्ता सांगितला, वय सांगितलं, छाती सांगितली. पलीकडची मुलगी तरुण होती, टाइप करताना च्युइंगगम चघळत होती. "आणि तुम्ही कोण बोलताय, सर?" "प्रिंगल. प्रिंगल फ्युनरल होम." चघळणं थांबलं. "सर... त्या जिवंत आहेत ना?" "आहेत." "नाही, म्हणजे, तुम्ही आधीच—" "मुली," ओथा म्हणाला, "त्या आहेत. गाडी कुठून येतेय?" गाडी पलीकडच्या काउंटीतून येणार होती. ब्रॅन्टन गावचं इस्पितळ बंद झालं तेव्हापासून सगळंच पलीकडच्या काउंटीतून येत असे: डॉक्टर, औषधं, बाळंतपणं. जाताना माणसं इथूनच जात. तेवढं एक गावात शिल्लक राहिलं होतं, आणि ते त्याच्याकडे होतं.

मोबाइल टेबलाच्या खणात राहिला. ओथा तो खिशात ठेवत नसे. कोणाच्या दफनात वाजायला नको म्हणून. हे त्याला गाडी काढून रुळांपाशी पोचल्यावर आठवलं.

एके काळी आजाऱ्याने प्रिंगलची गाडी मागवणं ही चूक नव्हती. एके काळी ब्रॅन्टनमध्ये काळ्या माणसाला छातीत कळ आली, बाई अडली, करवतीत बोट गेलं, तर प्रिंगललाच फोन करायचा. वडिलांची, होझेया प्रिंगल यांची, एक लांबलचक काळी कॅडिलॅक होती. टपावर तांबडा दिवा बसवला की ती आजाऱ्यांची गाडी. दिवा काढून मागे पेटी सरकवायचे रोलर टाकले की मयताची. गोऱ्यांसाठी क्रू यांची तशीच गाडी, फक्त नवी. वाटेत माणूस गेला तर गाडी बदलावी लागत नसे. वडील गाडी कडेला घेत, खाली उतरत, टपावरचा दिवा काढून पायाशी ठेवत आणि पुन्हा सावकाश निघत. मागे बसलेल्या बायकोला, आईला, दिवा काढतानाचा तो टपावरचा आवाज ऐकूनच कळे. वडील तोंडाने कधी सांगत नसत. आणि फोनवर पहिला प्रश्न ठरलेला. कुठे, काय झालं, रक्त किती, हे सगळं नंतर. आधी: आपला की त्यांचा? टेलिफोन एक्सचेंजमधली बाई तेच विचारायची, रस्त्यावरचा पोलीस तेच विचारायचा, वडीलही तेच विचारायचे. प्रश्नात द्वेष नव्हता. मीठ कुठल्या बरणीत आहे हे विचारावं तसा तो प्रश्न होता, आणि म्हणूनच आज, एकाहत्तराव्या वर्षी, रुळांवरून गाडी हळूच चढवताना ओथाला वाटलं, की द्वेष असता तर बरं झालं असतं. द्वेष दमतो. बरणीला दमायचं कारण नाही.

रुळांपलीकडे झाडं पांढरी होती. खाणीतून पांढऱ्या मातीचे ट्रक जातात, आणि पाइनच्या सुयांवर, टपालपेट्यांवर, दोरीवरच्या चादरींवर तिचा थर बसतो. मऊ, पिठासारखा, बोटाने पुसला की खालचा रंग दिसतो. त्या मातीवर गावातले चार गोरे लक्षाधीश झाले आणि बाकीचे खोकत राहिले. गरोदर बायका ती खातात. पाऊस पडून गेल्यावर येतो तसा वास तिला असतो, आणि जीव खालीवर व्हायला लागला की दुसरं काही चालत नाही. रोझीना ट्यूक्सला तेव्हा सातवा महिना होता. आर्झेल, तिचा नवरा, खाणीत होता, आणि खाणीच्या पोटातला, कोणाचा पाय न लागलेलं, स्वच्छ ढेकूळ तिच्यासाठी रोज—

नाही. तिथून सुरुवात करायची नाही.

वडिलांनी सांगितलेली गोष्ट अशी होती. मातीचा ट्रक गिरणीच्या वळणावर उलटला. आर्झेल वर, मालावर बसला होता. "आम्ही पोचलो तोवर तो प्रभूकडे गेला होता, सिस्टर ट्यूक्स. त्याला त्रास झाला नाही." हे वडील चर्चच्या पायरीवर, हॅट छातीशी धरून म्हणाले, आणि रोझीनाने मान हलवली, आणि पोटावरचा हात काढला नाही. गोष्ट एवढीच. गावात एवढीच चालली. वडील मेले तेव्हा त्यांच्या पेटीशी उभी राहून रोझीना म्हणाली होती, "होझेयाने माझ्या नवऱ्याला फार छान दाखवलं होतं. झोपल्यासारखा." आणि ओथाकडे बघितलं होतं. नुसतं बघितलं होतं. त्या बघण्यात काही होतं का? त्यानंतर दर रविवारी ती त्याच्या मागच्या बाकावर बसत आली आणि दर रविवारी त्याच्या मानेची मागची बाजू हा प्रश्न विचारत आली.

(गाडी त्या दिवशी तो चालवत होता. वीस वर्षांचा, नुकताच अटलांटाहून मयताच्या कामाचं शिक्षण घेऊन आलेला, पांढरे हातमोजे, शेजारी वडील.)

पुन्हा. गिरणीचं वळण. ते कोणाच्या बोलावण्यावरून गेलेच नव्हते. दफन उरकून परतत होते, गाडी रिकामी होती. ट्रक कुशीवर पडलेला, चाक अजून फिरतंय, आणि सगळीकडे पांढरं, जणू त्या एका वळणावरच हिवाळा उतरलाय. रस्त्याच्या कडेला एक माणूस उताणा. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, ओठ पांढरे. छाती वर येत होती, खाली जात होती. वडील उतरले, झपाझप चालले, आणि मध्येच थबकले. पेट्रोलपंपावरून कोणीतरी ओरडलं, परगावचा फिरता विक्रेता असावा, अंगात चौकटीचा कोट होता: "हात लावू नकोस! गोरा माणूस आहे. क्रूला कळवलंय." वडिलांनी हॅट काढली. जिवंत माणसासमोर, मेलेल्यासमोर काढतात तशी, छातीशी धरली. आणि उभे राहिले. ओथाही शेजारी जाऊन उभा राहिला. अमुक काउंटीत एका काळ्या अंडरटेकरने बेशुद्ध गोऱ्या बाईला आपल्या गाडीत घातलं तेव्हा त्याच्या घराचं काय झालं हे दोघांनाही माहीत होतं. त्याच्या घराच्या जागी आता कोणी साधी बागही केली नव्हती. तेव्हा उभं राहणं बरोबर होतं. कोणीही तसंच केलं असतं. आणि उभ्या उभ्या ओथाला दिसलं, की त्या माणसाच्या मानेपाशी, घामाचा ओघळ गेला होता तिथे, मातीला एक बारीक भेग पडली आहे आणि भेगेतून तपकिरी—

"बाबा, ती माती आहे," तो म्हणाला.

की म्हणाला नाही? इथे रोज गाडी अडते. कधी त्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो, आणि वडील मान न वळवता म्हणतात, "गप." कधी आवाज येत नाही, फक्त जीभ टाळ्याला चिकटलेली आठवते, आणि वाऱ्यावर उडालेल्या मातीची दातांखाली येणारी कचकच. म्हणाला असेल तर वडिलांना कळलं होतं. म्हणाला नसेल तर फक्त त्याला. दोन्हीपैकी जे खरं आहे ते दुसऱ्यापेक्षा बरं नाही, तरी पन्नास वर्षं तो निवडायला बसतो.

मग क्रूची गाडी आली. वेब क्रू उतरला, गुडघा टेकून बसला, खिशातला रुमाल काढून त्या कपाळावरून एकदा फिरवला. जिथे रुमाल फिरला तिथे आर्झेल ट्यूक्स निघाला. वेब क्रू उठला, रुमालाची मळलेली बाजू आत घालून त्याची व्यवस्थित घडी केली. "होझेया," तो म्हणाला, वडिलांपेक्षा कितीतरी लहान होता, "हा तुझा आहे रे." "होय, मिस्टर क्रू," वडील म्हणाले. मग सगळं झरझर झालं, टपावर तांबडा दिवासुद्धा चढला. झरझर करायला आता परवानगी होती. इस्पितळाच्या तळघरात काळ्यांचा वॉर्ड होता, तिकडे निघाले, आणि चर्चच्या अलीकडे कुठेतरी वडील मागून शांतपणे म्हणाले, "ओथा, कडेला घे." ते उतरले. टपावर दिव्याचा आवाज झाला.

संध्याकाळी आर्झेलचे कपडे उतरवताना पँटच्या खिशात मातीचं ढेकूळ मिळालं, रुमालात बांधलेलं, स्वच्छ. वडिलांनी ते परसात नेऊन फेकलं.

तो तिच्या घरी पोचला तेव्हा मिस रोझीना पायरीवरच्या खुर्चीत बसली होती. चर्चची जांभळी हॅट, मांडीवर पर्स, पायांत बूट आणि ते नीट बांधलेले. चेहरा राखेच्या रंगाचा, वरच्या ओठावर घामाचे थेंब. ओथाने हजारो चेहरे बघितले होते, पण तो नेहमी नंतर पोचत असे. मरणाआधीच्या या रंगाचं काय करायचं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. "काळा कोट कशाला घातलास?" ती म्हणाली. "मी काय मेलेय?" "सवय, मॅम." "काढ तो. शेजारची बघतेय. तिचा आनंद बघ, मेलीचा." शेजारच्या खिडकीतला पडदा सरळ झाला. त्याने कोट काढला. "अँब्युलन्स बोलावली आहे मी, मिस रोझीना. येईलच. तोवर हळूहळू श्वास घ्या." "तुला कोणी सांगितलं होतं?" "त्यांच्याकडे ऑक्सिजन असतो. औषध असतं. माझ्याकडे काय आहे? माझ्याकडे फुलं आहेत." ती हसली, आणि हसता हसता तिचा हात पर्सवरून सुटून खाली लोंबकळला, आणि तो तिने परत उचलला नाही. "तुझ्या बापाकडेही फुलंच होती," ती म्हणाली. "पण गाडी होती."

मग ते थांबले. रस्ता रिकामा होता. एक खाणीचा ट्रक गेला, धूळ उठली, बसली. ओथा पायरीखाली उभा होता, आणि ती त्याच्याकडे बघत होती, चेहऱ्याकडे नव्हे, खाली कुठेतरी. त्याने तिच्या नजरेमागोमाग पाहिलं. आपली हॅट आपल्या हातात होती. दोन्ही हातांनी, छातीशी. केव्हा काढली ते आठवत नव्हतं. "पोरा," मिस रोझीना म्हणाली, तो एकाहत्तर वर्षांचा होता, "ती डोक्यावर तरी घाल नाहीतर फेकून तरी दे. तशी धरून माझ्यासमोर उभा राहू नकोस. मला बघवत नाही."

तेव्हा त्याला कळलं, की तिला ठाऊक आहे. आर्झेलचं नुसतं मरण नव्हे, हॅटसुद्धा.

त्याने हॅट फेकली. जिवंत माणूस मयताच्या गाडीत घालायला कायद्याने बंदी आहे, परवाना जातो. हे त्याने गाडीचा मागचा दरवाजा उघडताना स्वतःला सांगितलं, तिरडीसारखी चाकांची खाट बाहेर ओढताना सांगितलं. तिला पुढच्या सीटवर बसवता आलं असतं का? तिची मान आता एका बाजूला कलत होती. आणि त्याच्या हातांना माणूस उचलायची एकच पद्धत येत होती. ती हलकी होती. मेलेली माणसं जड असतात, हे त्याला नेहमीचं; हा हलकेपणा नवा होता, हा त्याच्या मानेला हात टाकून धरत होता. त्याने पट्टे आवळले. चादर ओढली, सवयीने वर, वर, आणि हनुवटीपाशी हात एकदम थांबला. चादरीवरून दोन डोळे त्याच्याकडे बघत होते. "तेवढं राहू दे," ती म्हणाली.

गाडी सुरू केली की हिचे दिवे आपोआप लागतात. मधली काच त्याने सरकवून उघडी ठेवली. "बोलत राहा, मिस रोझीना." "काय बोलू?" "काहीही. शिव्या द्या." "तुला शिव्या देऊन माझी छाती दुखेल." पाठीमागून श्वास येत होता, करवत ओल्या लाकडात अडकावी तसा. गिरणीचं वळण आलं. गिरणी नव्हती, वळण होतं. तिला तिथे आडवं पडून फक्त छताचं राखाडी कापड दिसत असणार, तरी ती म्हणाली, "गिरणी आली." आणि थोडं थांबून, "समोरच्या धोबीखान्यात माझी मैत्रीण बर्नीस होती त्या दिवशी. इस्त्री करत होती, खिडकीपाशी. तिने सगळं बघितलं. तुमची गाडी आधी आली होती." ओथाला स्टिअरिंगवरचे हात वडिलांचे दिसत होते. "मला वाटलं होझेया येईल आणि सांगेल," ती म्हणाली. "मी काही त्याला खाल्लं नसतं. मला ठाऊक आहे ते दिवस कसले होते. माझ्या घरी यायचं, खुर्चीत बसायचं आणि म्हणायचं, रोझीना, मी उभा राहिलो. बास. मी कॉफी दिली असती. तो गेला तोवर मी वाट बघितली. मग तुझी बघितली. तुझ्या मानेवरचे केस पांढरे होताना बघितले मी, रविवारी रविवारी." "मिस रोझीना—" "आता नको. आता सांगितलंस तर मी मरतेय म्हणून सांगितलंस असं होईल. आता गाडी चालव. मला दुसरं काही नको. कुठेही उभा राहू नकोस, एवढंच. कोणी हात केला, कोणी हटकलं, येशू आला, तरी थांबू नकोस. समजलं?" "समजलं." "म्हण." "थांबणार नाही."

मोठ्या रस्त्यावर तो आला आणि वेग वाढवला. आयुष्यात ही गाडी त्याने अशी हाकली नव्हती. मागच्या, पुष्पचक्रं अडकवायच्या तारा खडखडायला लागल्या. आणि मग माणसं थांबायला लागली. समोरून येणारा लाकडाचा ट्रक हळू झाला आणि कडेला गेला. त्यामागची लाल मोटार कडेला गेली. पुढचे लोक आरशात दिवे लागलेली काळी गाडी बघत आणि आदबीने उजवीकडे सरकून उभे राहत. हा इकडचा रिवाज; मयत जाताना पुढे जायचं नाही, उलट दिशेनेही चालत राहायचं नाही, थांबायचं. काळे थांबत, गोरे थांबत, गोरे जास्तच. दूर पुढे एक म्हातारा ट्रॅक्टरवरून खाली उतरला. अख्खा रस्ता दुभंगून त्याला वाट देत होता. या माणसांच्या बापांनी आर्झेलला रस्त्यावर मरू दिलं, आणि आर्झेलची पेटी निघाली तेव्हा त्याच बापांनी गाड्या कडेला घेऊन टोप्या काढल्या होत्या. ओथाला ते आठवलं. त्याने तेव्हा ती गाडीही चालवली होती, तेव्हा सावकाश. "काय झालं?" मागून आवाज. "हळू का वाटतंय?" "हळू नाही, मॅम. सगळे बाजूला झालेत." "कोणासाठी?" "तुमच्यासाठी." मागे तारा खडखडल्या. "बघ तर," मिस रोझीना म्हणाली. मग तिने आणखी काही म्हटलं ते त्याला कळलं नाही, शब्द एकमेकांवर घसरत होते, आणि मग शब्दच नव्हते, नुसती करवत, आणि दोन करवतींमधली जागा वाढत चालली.

"मिस रोझीना."

करवत.

"मिस रोझीना, शिव्या द्या."

टेकडीवरून सायरन उतरत आला. पांढरी, नारिंगी पट्ट्याची. तिच्यासाठीच निघालेली, तिच्याच घराकडे. तिच्यात ऑक्सिजन होता, सुई होती, छातीला लावायची ती यंत्रं होती, आणि तिच्यातल्या माणसांना या आधीच्या रंगाचं काय करायचं हे शिकवलेलं होतं. ओथाने दिवे उघडझाप केले. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरने समोरून येणारी मयताची गाडी पाहिली, आणि घरी जसं वळण लावलं होतं तसं केलं: सायरन बंद केला. त्या एकाएकी झालेल्या शांततेत ती संथ होऊन, मान खाली घालून चालावं तशी, त्याच्याजवळून जायला लागली. अजून क्षणभरात ती निघून जाईल आणि रिकाम्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहील. थांबणार नाही, असं तो म्हणाला होता. पुढे बराच रस्ता होता. किती श्वासांचा रस्ता होता? ते त्याला मोजता येत नव्हतं, ते मोजायला येणारी माणसं त्या गाडीत होती. उभं राहणं बरोबर होतं तेव्हाही. कोणीही तसंच केलं असतं. पायाने त्याला विचारलं नाही. ब्रेक लागला, लांबलचक गाडी रस्त्यावर आडवी होत गेली, पांढऱ्या धुळीत घसरली आणि दोन्ही बाजूंची वाट अडवून थांबली.

तो धावला. मयताचं काम करणारा माणूस कधी धावत नाही, हे वडिलांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं. अँब्युलन्समधून उतरलेल्या पोराने टोपी काढली होती. "माफ करा सर, आम्ही सायरन लगेच—" "जिवंत आहे!" ओथा ओरडला. पोरगा बघत राहिला, मग गाडीकडे बघितलं, परत त्याच्याकडे. म्हाताऱ्याला दुःखाने काहीतरी झालंय असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. "सर, तुम्ही जरा बसता का?" "अरे, ती आत जिवंत आहे, रोझीना ट्यूक्स, तुम्ही तिच्याकडेच निघालात! उघड!" दुसरी, गोरी मुलगी होती, ती काही न बोलता धावली. दरवाजा उघडला. पट्टे सुटले. "नाडी आहे," मुलगी म्हणाली, "आण, आण, लवकर आण." त्यांच्या हातांना दुसरीच पद्धत येत होती, ते तिला भराभर, जवळजवळ उद्धटपणे हाताळत होते, आणि ओथाला त्या उद्धटपणाचा हेवा वाटला. तोंडावर मास्क चढायच्या आधी मिस रोझीनाने डोळे उघडले. आकाश बघितलं, आडवी गाडी बघितली, मग त्याला.

"थांबलास," ती म्हणाली.

रागाने नाही. माहीतच होतं, अशा आवाजात. मास्क चढला. दरवाजे लागले, आणि अँब्युलन्स मागे वळली, खड्ड्यातून एक चाक घालून त्याच्या गाडीला वळसा घेऊन आली तशी परत निघाली. सायरन सुरू झाला. मेलेल्या माणसासाठी सायरन वाजवत नाहीत. ओथाने तो आवाज धरून ठेवला. टेकडीच्या पायथ्याशी होता, वाजत होता. चढावर होता, वाजत होता.

दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली होती. कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. मयताची गाडी रस्त्यात उभी आहे तोवर हलायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इंजिनं बंद करून, काही जण खाली उतरून, उन्हात टोप्या हातात धरून ते उभे होते. सगळ्यांनी छातीशी धरल्या होत्या. गाडीचा मागचा दरवाजा सताड उघडा होता आणि आत कोणी नव्हतं, पण तिकडे आदबीने कोणी बघत नव्हतं. ट्रॅक्टरवाला म्हातारा इतका वेळ रस्त्याच्या कडेने चालत येत होता. गोरा, लाल मानेचा, ओथाच्याच वयाचा. जवळ आला, थोडा दूर राहून घसा खाकरला.

"मिस्टर प्रिंगल," तो म्हणाला, "आमच्या ओळखीचं कोणी आहे का हो?"

"रोझीना ट्यूक्स."

"रोझीना? अरेरे. माझ्या आईकडे इस्त्रीला यायची. फार चांगली बाई." त्याने मान हलवली. त्याच्या भुवयांवर पांढरी धूळ बसली होती. "कधी गेली?"

ओथा कान देऊन उभा होता. टेकडीच्या माथ्यापाशी आवाज बारीक झाला होता, दोरा सुईतून ओढावा तसा, पण होता. नक्की होता.

"अजून नाही," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने टोपी खाली केली नाही. दोघेही त्या बाजूला बघत उभे राहिले.